काटकसरीची गाडी पारखताना: नवी असो वा वापरलेली

छोटी, परवडणारी गाडी म्हणजे काटकसरीतून उभं राहिलेलं यंत्र. तिच्या प्रत्येक भागावर कारखान्यात कुणीतरी पैसे वाचवलेले असतात, म्हणून तर ती आपल्या आवाक्यात येते. त्यात गैर काही नाही. पाहायचं एवढंच, की कात्री कुठे लागली. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रमब्रेक दिले, तर हलक्या गाडीत बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याऐवजी नुसता कमरेचा पट्टा दिला, तर अपघातात तिथे बसलेल्याला त्याची फार मोठी किंमत मोजावी लागू शकते. पैसे दोन्हीकडे वाचले, पण एक काटकसर शहाणी आणि दुसरी कंजूष.

वापरलेल्या गाडीत यावर आणखी एक थर चढतो, आधीच्या मालकाच्या काटकसरीचा. ऑइल वेळेवर बदललं की 'अजून चालतंय' म्हणून पुढे ढकललं? चार टायर एकाच जातीचे की जे स्वस्त मिळाले ते? म्हणजे नवी गाडी घेताना कंपनीची काटकसर तपासायची, आणि जुनी घेताना कंपनीची व मालकाची, दोन्ही.

शहाणी काटकसर कशी असते याचा नमुना म्हणून १९५९ सालची ब्रिटिश मिनी अजूनही पाहण्यासारखी आहे. १९५६च्या सुएझ संकटामुळे पेट्रोलची टंचाई झाली आणि कमी इंधनात चालणाऱ्या छोट्या गाडीची निकड निर्माण झाली. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला, पुढच्या चाकांना ओढायला लावलं आणि चाकं अवघी दहा इंची ठेवली. जेमतेम तीन मीटर लांबीच्या गाडीत सुमारे ८० टक्के जागा माणसं आणि सामानासाठी मोकळी झाली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं. पण त्या हुशारीलाही एक भोक होतं: आडव्या इंजिनामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्कप्लगना वीज वाटणारा भाग, थेट पुढच्या जाळीमागे आला आणि जोराच्या पावसात भिजून गाडी बंद पडू लागली. इतक्या गाजलेल्या गाडीत जर असं होतं, तर आपण पाहतोय त्या गाडीतही कुठेतरी असणारच. ते घेण्याआधी शोधायचं.

गाडी पाहायच्या आधी वही काढा

गाड्यांच्या दालनात पाऊल टाकण्यापूर्वी घरी बसून चार गोष्टी लिहा. वर्षाला अंदाजे किती किलोमीटर होतात, त्यात गर्दीतले किती आणि महामार्गावरचे किती, महिन्यातून किती वेळा चारापेक्षा जास्त माणसं बसतात, आणि गाडी उभी करायची जागा केवढी आहे. ही वही नसली की विक्रेता जे दाखवतो तेच हवंसं वाटू लागतं.

मग इंधनाचं गणित. 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न सगळेच विचारतात, पण त्या आकड्यात एक गंमत आहे. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीऐवजी १५ देणारी घेतली, तर दहा हजार किलोमीटरमागे सुमारे १६७ लिटर वाचतात. २० देणारीऐवजी २३ देणारी घेतली, तर वाचतात फक्त ६५. फरक दोन्हीकडे तीनचाच! छोट्या गाड्या मुळातच कमी पितात, त्यामुळे वरच्या दोन-तीन किलोमीटरसाठी किती जास्त पैसे मोजायचे याचा हिशेब लिटरमध्ये करा. वाचणारे लिटर गुणिले इंधनाचा दर, आणि त्यातून किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होतो ते पाहा. सात-आठ वर्षं लागत असतील आणि गाडी तुम्ही पाच वर्षांत विकणार असाल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे.

माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेतला असतो. युरोपात २०१७पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी ही इंधनवापराची चाचणी जुन्या एनईडीसी चाचणीपेक्षा वास्तवाच्या जवळ आहे. तिच्यात गाडी तीस मिनिटांत सुमारे २३ किलोमीटर चालवतात आणि वेग १३० किलोमीटरच्या आसपास नेतात. तरीही कोंडी, एसी आणि भरलेली डिकी असली की हा आकडा खाली येतोच. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत ना, हे मात्र नक्की तपासा.

डिझेलचा मोह होत असेल तर रोजचा प्रवास किती लांबीचा आहे ते पाहा. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ चांगलं तापावं लागतं. रोज तीन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत ते घडत नाही. मग फिल्टर चोंदतो, आणि तो बदलणं महागात जातं.

आणखी एक आकडा जवळपास कुणीच पाहत नाही: भारक्षमता. गाडीचं कमाल परवानगीचं एकूण वजन १३४० किलो आणि रिकाम्या गाडीचं ९०० असेल, तर उरतात ४४० किलो. सरासरी ७० किलोची पाच माणसं बसली की सामानाला ९० किलो उरतात. काही ठिकाणी रिकाम्या वजनातच ७५ किलोचा चालक धरलेला असतो, म्हणून त्या आकड्याची व्याख्याही वाचा. डिकीत बॅगा मावतात म्हणजे गाडी तेवढं वजन पेलते असं नाही.

नवी गाडी: दालनात

सुरक्षेच्या ताऱ्यांपासून सुरुवात करा, पण ताऱ्यांसोबत साल वाचा. फियाटच्या ग्रांदे पुंतोला २००५मध्ये युरो एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले होते. त्याच गाडीची पुंतो या नावाने विकली जाणारी आवृत्ती २०१७मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा शून्य तारे मिळाले. पत्रा काही मधल्या काळात मऊ झाला नव्हता. परीक्षा कठीण झाली होती आणि बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. मग पाहायचं ते मॉडेलचं व्हेरिएंट. चाचणीतल्या गाडीला ज्या एअरबॅग आणि जे इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण (घसरत्या गाडीला आपोआप सावरणारी यंत्रणा) होतं, तेच तुम्ही घेत असलेल्या खालच्या व्हेरिएंटमध्ये आहे का? कंजूष काटकसर बहुतेक वेळा इथेच सापडते. माझं मत विचाराल तर मोठा स्क्रीन आणि सनरूफ सोडून द्या, स्थिरता नियंत्रण सोडू नका. स्क्रीन नंतर बसवता येतो.

आता बसून पाहा. आधी चालकाची सीट स्वतःच्या सोयीची लावा आणि मग त्याच सीटच्या मागे जाऊन बसा. गुडघे टेकतात का, डोकं छताला लागतं का, मांडीला आधार आहे की गुडघे छातीशी येतात? छोट्या गाडीत मागची गादी आखूड करून जागा 'दाखवण्याची' युक्ती जुनी आहे. घरात ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढायला-उतरायला लावा. लहान मूल असेल तर त्याची सीट घेऊन जा आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या, कड्यांना ती खरोखर अडकवून पाहा. मागचा खांब किती जाड आहे आणि मागे वळून पाहताना काय झाकलं जातं, तेही बघा.

टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची, एकट्याने आणि सपाट रस्त्यावर घेतली तर तिचा उपयोग फारसा नाही. चार माणसं बसवा, एसी लावा आणि चढ शोधा. छोट्या इंजिनाची खरी परीक्षा तिथेच होते. माहितीपत्रकातली अश्वशक्ती इंजिनाच्या मिनिटाला साधारण सहा हजार फेऱ्यांच्या आसपासची असते, रोजचं चालवणं मात्र दीड ते तीन हजारांमध्ये होतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात पिकअप कसा आहे ते पाहा. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर गाडी उभी असताना स्टिअरिंग, आरसे आणि सीटमध्ये थरथर किती जाणवते हेही बघा. थोडी असणारच, पण ती रोज सोसायची आहे.

गिअरचे प्रकार फक्त नावाने निवडू नका. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, त्याचा क्लच आणि गिअर मोटर किंवा हायड्रॉलिक्स हलवतात. तो स्वस्त आणि कमी इंधन पिणारा, पण गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते, आणि चढावर गाडी मागे घरंगळते का हे पाहावं लागतं. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स, लोण्यासारखा चालतो, पण एकदम दाबलं की आवाज आधी येतो आणि वेग मागाहून. टॉर्क कन्व्हर्टरवाला जुना ऑटोमॅटिक कोंडीत सगळ्यात निवांत. तिन्ही चालवल्याशिवाय ठरवू नका.

परतताना सेवा-केंद्रात एक चक्कर मारा आणि पाच वस्तूंच्या किमती विचारा: पुढचा बंपर, हेडलॅम्पचा पूर्ण संच, समोरची काच, क्लचचा संच आणि एक टायर. एलईडी दिवा फुटला तर बल्ब नाही, बहुतेकदा पूर्ण संचच बदलावा लागतो. टायर जर विचित्र मापाचा असेल, तर तो बाजारात शोधत फिरावं लागेल. स्वस्त गाडीचे महाग सुटे भाग, ही कंपनीची कमाईची जुनी वाट आहे.

ताबा घेताना दिवसाचा उजेड हवा. बनवल्याचा महिना, मीटर, टायरवरची तारीख, रंगातले ओरखडे, स्टेपनी आणि जॅक एवढं पाहा. ताबा घेतल्यावर केलेल्या तक्रारीचं वजन निम्मं होतं.

वापरलेली गाडी: गार इंजिनापासून

नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने उतरते. ती घट दुसऱ्याने सोसलेली असते, म्हणून तीन ते पाच वर्षांची, नीट सांभाळलेली छोटी गाडी हा अनेकांसाठी सर्वांत किफायती व्यवहार ठरतो. 'नीट सांभाळलेली' या दोन शब्दांतच सगळी मेख आहे.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. मी एकदा हे विसरलो. गाडी माझ्यासाठी 'तयार करून' ठेवली होती, इंजिन छान गुणगुणत होतं, आणि मी खूश झालो. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिनातून खळखळ आली, जणू डब्यात खिळे. इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी टायमिंग चेन सैल झाली होती. तापलेल्या इंजिनात तो आवाज येतच नव्हता. तेव्हापासून बॉनेट कोमट लागला तर मी चहा पिऊन येतो, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी येतो.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं हा गुन्हा नाही, पण पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकाने बॉनेट उघडण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली साय जमल्यासारखा फिकट थर दिसला तर सावध व्हा. थंड हवेत फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत तो कधीकधी येतो, पण त्याच्या जोडीला कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील, गेलं असण्याची शक्यता मोठी. कूलंटचं झाकण गार इंजिनावरच उघडायचं, गरम असताना कधीही नाही.

आता सुरू करा आणि एकाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. पांढरी वाफ गार सकाळी मिनिटभर आली तर साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. गाडी दहा-पंधरा मिनिटं उभ्याउभ्या चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप लागून बंद झाला पाहिजे आणि तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे.

तेवढ्या वेळात बाहेरून फेरी मारा. रंग दिवसाउजेडी, तिरक्या नजरेने पाहा. दरवाजा आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडले गेलेत. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, एका काचेवरचं साल बाकीच्यांपेक्षा वेगळं, डिकीच्या गालिच्याखालचे वेल्डिंगचे ठिपके एका बाजूला वेडेवाकडे, या खुणा गॅरेजच्या पुट्टीपेक्षा जास्त बोलतात. साधा डेंटिंग-पेंटिंगचा डाग माफ करा, त्यावर भाव कमी करून घ्या. सांगाड्याला झालेली दुखापत मात्र माफ करू नका.

पुरात बुडालेली गाडी चकचकीत करून विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, दिव्यांच्या आतला ओलावा आणि उग्र सुगंधी फवाऱ्याखाली दबलेला कुबट वास, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर निघा. बुडालेल्या गाडीच्या वायरिंगचा त्रास आज दिसत नाही, सहा महिन्यांनी सुरू होतो.

मीटरवरचा आकडा हा दावा समजा आणि त्याचे साक्षीदार शोधा. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं आवरण चकाकलेलं, चालकाच्या सीटची बाहेरची कड खचलेली, आणि मीटर म्हणतंय तीस हजार? टायरच्या बाजूवरचा डीओटी संकेत वाचा: शेवटचे चार अंक २३२१ असतील तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला आहे. गाडी त्याआधीची असेल, तर पहिले टायर कधीच झिजून गेले. टायरच्या खोबणीतली लहान उंचवट्याची खूण १.६ मिलिमीटरची असते आणि नक्षी तिथपर्यंत झिजली की टायर संपला. एका टायरची फक्त आतली कड झिजलेली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन तपासून घ्यायला हवं.

रस्त्यावर

रेडिओ बंद, काचा खाली. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून हळू गोल घ्या, मग दुसऱ्या बाजूला. चाकाकडून टक् टक् आवाज आला तर ॲक्सलचा सांधा झिजलाय. स्पीडब्रेकरवर तिरकं चढा, ठकठक आली तर सस्पेन्शनचे रबरी बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर. साठच्या वेगाला घूं असा आवाज असेल आणि किंचित वळताना तो बदलत असेल, तर चाकाचं बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबताना पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी झाली असावी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कारण टायरची हवा इतकं साधंही असू शकतं, म्हणून आधी हवा बघा.

क्लचची एक सोपी चाचणी: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र रेंगाळला, तर क्लचप्लेट घसरतेय. एएमटी असली तरी क्लचप्लेट तीच असते आणि झिजतेही तशीच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

शेवटी ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं, छोटं यंत्र जोडा. नोंदलेले दोष तर दिसतातच, पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे गाडी स्वतःच्या घेते त्या अंतर्गत चाचण्यांची स्थिती. बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर कुणीतरी अलीकडेच दोष पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी. विचारा, का?

कागद, लिफ्ट आणि पहिला आठवडा

कागदांवरचा वाहन ओळख क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. १ आणि ० यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं वापरत नाहीत. गाडीवर कोरलेला क्रमांक कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा. त्याच क्रमांकावरून गाडी परत बोलावण्याची एखादी मोहीम प्रलंबित आहे का ते कंपनीकडून कळतं, आणि ते काम सहसा मोफत होतं. गाडीवर कर्ज बाकी आहे का, तेही आत्ताच पाहा.

व्यवहार पक्का करण्याआधी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. विक्रेत्याने सुचवलेल्याकडे नको. खालून ऑइलगळती, पुढच्या चेसिसवरची सरळ केलेली घडी आणि सायलेन्सरचा गंज हे अर्ध्या तासात दिसतं. विक्रेता लिफ्टला नकार देत असेल तर बोलणी तिथेच थांबवा.

सर्व्हिसच्या नोंदींमध्ये एक गोष्ट आवर्जून शोधा: इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर तो कधी बदलला. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही, म्हणून 'गाडी फारशी चाललीच नाही' हे उत्तर चालत नाही. काही छोट्या तीन सिलिंडर इंजिनांत हा बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं ऑइल वापरलं तर तो सोलवटतो आणि त्याचा चुरा ऑइलपंपाची जाळी बुजवतो.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, नोंद नसेल तर ब्रेक ऑइल आणि कूलंटही. टाकी काठोकाठ भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पुढच्या तीन भरण्यांचे लिटर वहीत टिपा. बेल्टची तारीख कुणालाच सांगता आली नसेल, तर तो बदलेपर्यंत लांबच्या प्रवासाला निघू नका. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतात, आणि तेही कुठलीच पूर्वसूचना न देता.